परसातल्या अंड्यावरच्या कोंबड्यांना उवा, माइट, गोचीड: नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरी पाच-दहा कोंबड्या पाळणाऱ्यांकडून हे प्रश्न सतत येतात. बेसा, मानकापूर, वाडी इथल्या प्लॉटवरून येतात, तसेच कामठी, हिंगणा, कळमेश्वर, उमरेडकडच्या गावांतूनही येतात. उत्तरं घरच्या कोंबड्यांसाठी आहेत, हजारो पक्ष्यांच्या फार्मसाठी नाहीत. औषधाचं माप मुद्दामच कुठे दिलेलं नाही. एकाच नावाचं औषध बाजारात वेगवेगळ्या तीव्रतेत मिळतं, आणि एका बाटलीवरचं माप दुसऱ्या बाटलीला लावलं तर कोंबडी मरते.

सगळ्याच्या आधी एक लक्षात घ्या. ही कोंबडी रोज अंडं देते आणि ते घरातलं लहान पोर खातं. म्हणून किडा मरतो की नाही एवढंच पाहून भागत नाही. जे वापराल ते अंड्यात उतरतं का, हेही दर वेळी विचारायला हवं.

१. माह्या कोंबडीच्या अंगावर बारीक बारीक किडे फिरून राहिले. हे नेमके कोणते?

आपल्याकडे सगळ्यांनाच सरसकट पिसवा म्हणायची सवय आहे, पण किडा बदलला की उपाय बदलतो.

उवा गवती पिवळ्या, चपट्या, तिळाएवढ्या किंवा त्याहून लहान असतात. पिसं बाजूला केली की उजेडापासून पळतात. त्यांचा सगळा जन्म कोंबडीच्या अंगावरच जातो. खाली पडल्या तर साधारण आठवडाभरात मरतात.

माइट उवेपेक्षा खूप बारीक असते, काळपट-तांबूस ठिपका हलल्यासारखी दिसते. तिच्यात दोन तऱ्हा आहेत. एक कोंबडीच्या अंगावरच राहते आणि दिवसाही सापडते. दुसरी लाल माइट. ती दिवसा खुराड्याच्या फटीत लपते, रात्री बाहेर येऊन रक्त पिते आणि पहाटेच्या आत परत जाते. दिवसा कोंबडी तपासून काहीच सापडत नाही, ते हिच्यामुळे.

पायांच्या खवल्याखाली शिरणारी माइट डोळ्यांना दिसतच नाही, फक्त तिचा परिणाम दिसतो (प्रश्न १४). चपटी गोचीड भिंतीच्या भेगांत राहते (प्रश्न १५). तोंडाभोवती चिकटून बसणारी पिसू वेगळी (प्रश्न १६).

२. तपासायचं कसं? कोंबडी तर हातातच येत नाही.

अंधार पडल्यावर जा. दांडीवर बसलेली कोंबडी रात्री शांत असते. पंख अंगाशी दाबून तिला काखेत घ्या, शेपटी तुमच्या समोर. डोक्याला लावायचा टॉर्च असेल तर दोन्ही हात मोकळे राहतात. शेपटीखाली, अंडं जिथून येतं त्याच्या भोवतीची पिसं बोटांनी उलट्या दिशेनं सारा आणि कातडीवर हलकी फुंकर मारा. उवा असतील तर फुंकरीबरोबर धावताना दिसतील. पिसांच्या दांड्याच्या बुडाशी पांढरट दाणे गच्च चिकटून गठ्ठा झालेला असेल तर त्या लिखा. तिथली पिसं मळकट, काळपट, तेलकट दिसली आणि काही क्षणांत तुमच्या मनगटावर काहीतरी सरसरल्यासारखं वाटलं, तर ती अंगावर राहणारी माइट. मग पंखांखाली, मांड्यांच्या आत आणि मानेच्या मागे बघा.

कोंबडी परत ठेवली की दांडीच्या खालच्या बाजूनं पांढरा कागद किंवा फडकं जोरात पुसा. लाल रेघ उठली तर लाल माइट आहे. ती रेघ कोंबडीच्या रक्ताची. रात्री जाणं जमत नसेल तर नालीदार पुठ्ठ्याचा तुकडा गुंडाळून दांडीच्या टोकाला दोन-तीन दिवस बांधून ठेवा. माइट त्याच्या नळ्यांत लपतात. पुठ्ठा प्लास्टिकच्या पिशवीतच उघडा.

दर पंधरा दिवसांनी दोन-तीन कोंबड्या तपासल्या तरी पुरे. पावसाळ्यात आणि तो सरल्यावर ऑक्टोबरपर्यंत दर आठवड्याला बघा. ऊब आणि दमटपणा एकत्र आला की माइट भराभर वाढतात.

३. अंडी कमी झाली, तुरा फिका पडला. किड्यांमुळेच ना?

असू शकतं. माइट आणि गोचीड रक्त पितात, त्यामुळे तुरा फिका पडतो, कोंबडी सुस्तावते, अंडी घटतात. रात्री खुराड्यात जायला कोंबड्या कां-कू करत असतील किंवा झाडावर जाऊन बसत असतील, तर लाल माइटचा संशय घ्या. पण मे महिन्याची उष्णता, पिसं बदलण्याचा काळ, पोटातले जंत, चुन्याची कमतरता आणि वाढतं वय यांनीही अंडी घटतात. किडा डोळ्यांनी दिसल्याशिवाय औषध करू नका.

४. पिसं गळून राहिली म्हणजे किडेच का?

नाही. वर्षातून एकदा कोंबडी पिसं बदलते. तेव्हा गळलेल्या जागी नव्या पिसांचे टोकदार कोंब दिसतात. फक्त पाठ उघडी पडली असेल तर कोंबड्याच्या नख्यांनी झालेली असते. एकमेकींना टोचण्यानंही पिसं जातात, विशेषतः जागा अपुरी असेल तेव्हा.

५. हे किडे माणसांना, लेकरांना लागतात का?

कोंबडीच्या उवा माणसावर जगत नाहीत. लेकराच्या डोक्यातल्या उवा वेगळ्या, त्यांचा दोष कोंबडीला देऊ नका. माइट मात्र माणसाला चावतात, खाज सुटते, लाल पुरळ उठतं. त्या माणसावर वस्ती करत नाहीत. आंघोळ करून कपडे गरम पाण्यात धुतले की अंगावरच्या जातात, पण खुराडं तसंच राहिलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा चावतात. खुराडं घराच्या भिंतीला किंवा झोपायच्या खोलीच्या खिडकीला लागून असेल तर ते हलवा. कूलरच्या मागे किंवा एसीवर कबुतरांचं घरटं असेल तर तेही बघा. कोंबडीला लागणाऱ्या माइट तिथूनही येतात.

६. उवा सापडल्या. पावडर कोणती लावायची आणि किती वेळा?

पशुवैद्यकाला विचारून पर्मेथ्रिनसारखी, पक्ष्यांवर वापरायची असं लेबलवर स्पष्ट लिहिलेली पावडर घ्या. ‘पक्षी’ किंवा ‘कोंबडी’ असा उल्लेखच नसेल तर ती घेऊ नका. सुटी, पुडीत बांधून दिलेली पावडर तर मुळीच नको. गॅमेक्झिन म्हणून ओळखली जाणारी बीएचसी पावडर भारतात १९९७ पासून बंद आहे. जुन्या घरांच्या माळ्यावर तिचे डबे अजून निघतात. तो डबा कोंबड्यांजवळही नेऊ नका.

तोंडाला रुमाल आणि हातात मोजे घालून, उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून काम करा. एकानं कोंबडी धरायची, दुसऱ्यानं पिसं उलटी सारून शेपटीखाली, पंखांखाली आणि मांड्यांत पावडर बोटांनी कातडीपर्यंत पोहोचवायची. वरून भुरभुरवलेली पावडर पिसांवरच राहते. डोळे, चोच, नाकपुड्या जपा. लिखांचे गठ्ठे असलेली चार-दोन पिसं बुडाशी कात्रीनं कापून जाळा, उपटू नका.

एकदा लावून काम होत नाही. पावडर लिखांवर चालत नाही आणि लिखा ४ ते ७ दिवसांत फुटतात. म्हणून ७ ते १० दिवसांनी दुसऱ्यांदा लावावीच लागते, आणि तेव्हाही जिवंत उवा दिसल्या तर तितक्याच अंतरानं तिसऱ्यांदा. सगळ्या कोंबड्या आणि कोंबडा एकाच दिवशी करा. एक राहिली तर सगळी मेहनत वाया जाते.

७. औषध केलं, आठ दिवसांत किडे परत. औषध बोगस निघालं का?

बहुतेक वेळा औषध ठीक असतं, जागा चुकलेली असते. लाल माइट कोंबडीवर राहतच नाही, मग कोंबडीला कितीही पावडर चोळली तरी फटीतली फौज शाबूत राहते. उन्हाळी उबेत अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला तिला ७ ते १० दिवस पुरतात. थंड, दमट जागेत ती काही न खाता महिनोन्‌महिने जगते, म्हणून खुराडं दोन महिने रिकामं ठेवूनही सुटका होत नाही.

दुसरं कारण, दुसरा डोस चुकला (प्रश्न ६). तिसरं, माइट त्या औषधाला सरावल्या. पायरेथ्रॉइड गटाच्या (पर्मेथ्रिन, सायपरमेथ्रिनसारख्या) औषधांबाबत हे जगभर दिसलेलं आहे. अशा वेळी माप वाढवू नका. डॉक्टरांना सांगून औषधाचा गटच बदला.

८. खुराडं नीट साफ करायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

सगळ्यात जास्त मेहनत इथे घ्या. सकाळी कोंबड्या बाहेर सोडल्या की खालचं तूस, भुसा, विष्ठा, घरट्यातलं गवत सगळं काढा आणि लांब नेऊन जाळा किंवा काळ्या प्लास्टिकमध्ये बांधून उन्हात टाका. शेणखताच्या ढिगावर तसंच टाकलं तर किडे चालत परत येतात. मग तारेच्या ब्रशनं दांड्या, सांधे, बिजागऱ्या, घरट्यांचे कोपरे घासा आणि त्यावर उकळतं पाणी ओता, विशेषतः दांडी जिथे भिंतीत बसते तिथे. वाळल्यावर भेगा सिमेंटनं किंवा मातीनं लिंपा आणि आतून दाट चुना मारा. चुन्यानं बारीक भेगा बुजतात. कोंबड्या चुना पूर्ण वाळल्यावरच आत घ्या.

आपल्याकडची बरीच खुराडी बांबूचे तट्टे, तुराट्या, पऱ्हाट्यांची असतात. लपायला माइटला यापेक्षा चांगली जागा नाही. बांबूच्या दांडीची दोन्ही पोकळ टोकं सिमेंटनं बंद करा, किंवा बांबूऐवजी गुळगुळीत लाकडाची, सहज काढता येणारी दांडी बसवा. उन्हाळ्यात गारव्यासाठी ओलं बारदान बांधतो, त्याच्याही घड्यांत माइट बसतात. ते रोज सोडून उन्हात झटका.

नागपूरच्या मे महिन्याचा एवढा एक फायदा घ्या. ४५ अंशांच्या वर लाल माइट टिकत नाही, आणि त्या दिवसांत सावलीतच पारा तिथे पोहोचतो. उन्हातला टिनाचा पत्रा तर त्याहून किती तरी जास्त तापतो. दांड्या, घरट्यांच्या पेट्या, डालगी दुपारी पत्र्यावर उलटीपालटी करून ठेवा. ब्लो-लॅम्प फक्त लोखंडी पिंजऱ्याला. तट्ट्याच्या किंवा पऱ्हाटीच्या खुराड्याजवळ जाळ नेऊ नका. रॉकेल शिंपडून काडी लावणं तर कुठेच नको.

हे सगळं एका आठवड्याच्या अंतरानं निदान तीनदा करा. फवारा वापरायचा असेल तर डॉक्टरांनी सांगितलेला, रिकाम्या खुराड्यात, पाण्याची आणि खाद्याची भांडी बाहेर काढून. रात्री कोंबड्या आत जाईपर्यंत तो वाळलेला असायला हवा.

९. आजी म्हणते, राखेत लोळू दे, सगळे किडे जातात. खरं आहे का?

आजीचं बरंचसं बरोबर आहे. मातीत अंग घुसळणं ही कोंबडीची स्वतःची आंघोळच आहे, आणि तिला कोरडी माती मिळाली नाही की किडे वाढतात. राखेची बारीक पूड किड्याच्या अंगावरचं मेणचट आवरण खरवडते, तो सुकून मरतो. फक्त वस्ती आधीच दाट झाली असेल तर एकट्या राखेनं ती हटत नाही. नियमित मिळाली तर वाढू देत नाही.

आपल्या काळ्या मातीचा त्रास असा की पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात ढेकळं. म्हणून मोठं घमेलं किंवा जुनं टायर घ्या, त्यात कोरडी रेती आणि चाळलेली लाकडाची राख मिसळा आणि छपराखाली ठेवा. राख ओली झाली की तिचा दाहक क्षार होतो, पाय आणि कातडी पोळते. भिजली तर लगेच बदला.

राख चुलीतली, लाकडाची. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांची राख फुकट मिळते म्हणून काही जण आणतात. ती कोळशाची राख आहे, तिच्यात जड धातूंचा अंश असतो आणि कोंबडी ती चोचीनं खाते. ती नको. प्लास्टिक, रबर, रंगवलेलं लाकूड जाळलेली राखही नको.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड इथल्या संशोधकांनी धुळीच्या पेट्यांवर काम केलं आहे. गंधकाची पूड घातलेल्या पेटीमुळे माइट आणि उवा आटोक्यात आल्या, आणि त्या पेटीत न लोळणाऱ्या कोंबड्यांवरही परिणाम दिसला. गंधक डोळ्यांना आणि श्वासाला झोंबतं, त्यामुळे किती आणि कोणतं घालायचं हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

१०. कडुलिंब, करंज तेल, तंबाखूचं पाणी, डांबरगोळी यातलं काय चालतं?

कडुलिंबाचा सुका पाला घरट्यात घालणं चांगलं. कडुलिंब किंवा करंजाचं तेल साबणाच्या पाण्यात फेटून दांड्यांवर आणि फटींत मारता येतं. तेलात किडे गुदमरतात. कोंबडीच्या सगळ्या अंगाला मात्र तेल चोपडू नका. पिसं चिकटली की मे महिन्यात तिला उष्णता बाहेर टाकता येत नाही आणि हिवाळ्यात ती गारठते.

तंबाखूचं पाणी नको. निकोटिन कातडीतून शिरतं, आणि छोट्या गावरान कोंबडीला थोडंही भारी पडतं. डांबरगोळ्या बंद खुराड्यात विषारी वाफ सोडतात आणि कोंबड्या त्या टोचून खातात. कळीच्या चुन्याची पूड अंगावर टाकली तर डोळे जातात. मुंग्या-झुरळांचा खडू दांडीवर ओढायची टूम बरीच फिरते. त्यात किती औषध आहे आणि अंड्यात किती उतरेल याचा कुणालाच पत्ता नसतो. नको.

११. घरी कपाशीवर मारायचं औषध आहे. थोडं पातळ करून मारलं तर?

नाही. कितीही पातळ केलं तरी नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी, शेतमजूर दगावले. धडधाकट माणसाला न सोसलेली विषं ती. दीड-दोन किलोची कोंबडी पिसं चोचीनं साफ करताना ते सगळं गिळते आणि दुसऱ्या दिवशी अंडं देते. रिकामा पंपही फवाऱ्याला वापरू नका, तळाशी अंश उरतो.

कुणी आधीच मारलं असेल आणि कोंबडी लाळ गाळतेय, थरथरतेय, पाय पसरून पडलीय असं दिसत असेल, तर मोजे घालून कोमट पाण्यानं आणि सौम्य साबणानं धुवा आणि औषधाची बाटली बरोबर घेऊन लगेच दवाखाना गाठा. बाटली पाहून डॉक्टरांना उतारा ठरवता येतो. त्या काळातली अंडी आणि त्या कोंबडीचं मांस घरात शिजवू नका.

१२. कुत्र्याच्या मानेवर टाकायचे थेंब किंवा गाईचं गोचिडाचं औषध चालेल का?

कुत्र्याच्या थेंबांत बहुधा फिप्रोनिल असतं. २०१७ मध्येच नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये लाल माइटसाठी हेच फिप्रोनिल बेकायदा वापरलं गेलं, ते अंड्यांत सापडलं आणि युरोपभर लाखो अंडी नष्ट करावी लागली. अंड्यावरच्या कोंबडीला ते अजिबात नको.

गाई-म्हशींच्या गोचिडासाठीचं डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिन रिकाम्या खुराड्यात फवारायला डॉक्टर सांगतात. कोंबडीवर मारायचं की नाही, कितीचं पाणी, हे त्यांनीच लिहून द्यावं. अमिट्राझ हे गोचिडाचं दुसरं औषधही स्वतःच्या मनानं वापरू नका. घरात मांजर असेल तर आणखी जपा, पर्मेथ्रिन मांजराला घातक आहे. ही औषधं पाण्यातल्या माशांनाही मारतात, उरलेलं पाणी विहिरीत, नालीत किंवा तळ्याकडे जाणाऱ्या उतारावर ओतू नका.

१३. आयव्हरमेक्टिन दिलं तर एका फटक्यात सगळं जातं म्हणतात. आणि औषधानंतर अंडी किती दिवस खायची नाहीत?

दोन प्रश्न आहेत, पण धागा एकच. आयव्हरमेक्टिन रक्त पिणाऱ्या किड्यांवर चालतं. पिसं आणि कोंडा खाणाऱ्या उवांवर त्याचा भरवसा नाही. दुकानात मिळतं ते बहुतेक गुरं, शेळ्या-मेंढ्यांच्या मापाचं. कोंबडीला थेंबांचा हिशेब चुकला की ती लुळी पडते. शिवाय ते चरबीत विरघळतं, म्हणजे थेट बलकात जाऊन बसतं.

एका बलकाची मुख्य भरण सुमारे १० दिवस चालते. कोंबडीच्या पोटात एकाच वेळी लहानमोठे बरेच बलक भरत असतात. आज दिलेलं औषध त्या सगळ्यांत थोडं थोडं जातं, म्हणून उद्याचं अंडं टाकून भागत नाही. पुढचे कित्येक दिवस बलकातून औषध येत राहतं. उकडल्यानं, तळल्यानं ते नाहीसं होतं असं धरू नका.

किती दिवस थांबायचं हे लेबलवर अंड्यांसाठी वेगळं लिहिलेलं असेल तर तेवढे. लिहिलेलं नसेल तर डॉक्टरांकडून दिवस लिहून घ्या आणि तारीख खुराड्याच्या दारावर टांगा, म्हणजे घरातल्या सगळ्यांना दिसेल. ‘जनावरांसाठी’ लिहिलेले दूध-मांसाचे दिवस अंड्याला लागू होत नाहीत. त्या काळातली अंडी विकू नका, शेजाऱ्यांना देऊ नका, कुत्र्यालाही घालू नका. खड्डा करून पुरा.

१४. पायाचे खवले उभे राहिले, पांढरी भुकटी जमली, कोंबडी लंगडते.

ही खवल्याखालची माइट. म्हाताऱ्या कोंबड्यांत जास्त दिसते आणि दांडीवर शेजारी बसणाऱ्यांना हळूहळू लागते. पाय कोमट साबणाच्या पाण्यात दहा मिनिटं भिजवा, मऊ जुन्या टूथब्रशनं घासा, पुसून कोरडे करा आणि बोटांपासून वर खवल्यांच्या फटींत पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल तेल दाबून भरा. हवा तुटली की माइट मरते. दोन-तीन दिवसांआड, महिनाभर करा. खवले सोलून काढू नका, रक्त येतं आणि जखम चिघळते. रॉकेल, डिझेल, जुनं इंजिन ऑइल यांनी पाय भाजतात.

माइट मेली तरी पाय लगेच सुधारलेला दिसत नाही. वाकडे खवले गळून नवे यायला कित्येक महिने जातात, तोवर औषध लागू पडलं नाही असं समजू नका. बोटं वाकडी झाली असतील किंवा कोंबडी पाय टेकतच नसेल तर डॉक्टरांकडे न्या. दांड्यांचं प्रश्न ८ प्रमाणे करा.

१५. मातीच्या भिंतीत चपट्या गोचिडी दिसल्या. त्या घातक का?

हो, इथे ढिलाई नको. कोंबडीची गोचीड रात्री रक्त पिऊन भिंतीत परत जाते आणि वर्षाहून जास्त उपाशी जगते. तिची पिल्लं मात्र काही दिवस कोंबडीच्या अंगावरच चिकटून राहतात, पंखाखाली निळसर-काळे मणी दिसतात ते तेच. ही गोचीड स्पायरोकीटोसिस नावाचा ताप पसरवते: कोंबडी मान टाकते, खूप पाणी पिते, हिरवट हगते. काही वेळा पाय लुळे पडतात. राणीखेत रोगातही हिरवी हगवण आणि लुळेपणा येतो, म्हणून घरी अंदाज न बांधता डॉक्टरांना दाखवा. वेळेत कळलं तर स्पायरोकीटोसिसवर पेनिसिलिन गटाचं औषध चालतं.

जुन्या कुडाच्या भिंतीला टेकवलेलं खुराडं असेल तर भिंत लिंपून घ्या आणि खुराडं तिच्यापासून हातभर लांब, चार पायांवर उभं करा.

१६. तुऱ्यावर आणि डोळ्याभोवती काळे दाणे आले. हेही किडेच का?

भिंग घेऊन बघा. दाणे तपकिरी, चकचकीत, डोकं आत रुतवून बसलेले असतील तर ती चिकट पिसू. चिमट्यानं कातडीलगत धरून काढा, जागेवर पेट्रोलियम जेली लावा. तिची अंडी जमिनीवरच्या कचऱ्यात वाढतात, म्हणून खालचं सगळं तूस बदला. डोळ्याजवळ कोणतीही पावडर नको.

दाणे खरखरीत, खपलीसारखे, निघता निघत नसतील तर ती देवी. हा विषाणूचा रोग डासांमुळे पसरतो. त्याला किड्यांचं औषध लागत नाही. पाणी साचू देऊ नका आणि बाकीच्या पक्ष्यांच्या लसीसाठी डॉक्टरांशी बोला.

१७. कोंबडी खुडूक बसली आहे आणि तिच्यात किडे आहेत. औषध केलं तर अंडी खराब होतील का?

खुडूक कोंबडी २१ दिवस जवळजवळ हलत नाही, मातीत लोळत नाही, उबेत बसते. किडे तिथेच फोफावतात, आणि पिल्लं निघाली की त्यांच्या अंगावर चढतात. नाजूक पिल्लं त्यानं दगावतात. म्हणून तिला बसवण्याच्या आठवडाभर आधीच तपासा आणि औषध तेव्हाच करा.

आता बसलेलीच असेल तर रोज ती खाण्यापिण्याला उठते त्या वेळी घरट्यातलं गवत बदला, खाली कडुलिंबाचा सुका पाला घाला, शेजारी रेती-राखेचं घमेलं ठेवा. अंड्यांना तेल किंवा फवारा लागू देऊ नका. कवचाच्या छिद्रांतून आतला जीव श्वास घेतो. किडे फारच असतील तर डॉक्टरांना विचारा. पिल्लांना पावडर लावू नका.

१८. उन्हाळ्यात, थंडीत औषध करताना काय जपायचं?

एप्रिल-मेमध्ये पहाटे किंवा दिवस मावळल्यावर. भर दुपारी पकडापकडी केली तर कोंबडी औषधानं नाही, धापेनं मरते. कूलरच्या मागच्या गारव्यात खुराडं ठेवलं असेल तर खालचं तूस कायम दमट राहतं. रोज हलवा, वरचेवर बदला. डिसेंबर-जानेवारीत पाय धुणं वगैरे दुपारच्या उन्हात करा आणि कोरडं करूनच आत सोडा.

१९. फार्ममधून उतरलेल्या लेअर (अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्या) स्वस्तात मिळून राहिल्या. घ्याव्या का?

घ्या, पण थेट आपल्या कोंबड्यांत सोडू नका. तीन आठवडे वेगळ्या जागी, वेगळ्या भांड्यांत ठेवा आणि दोनदा तरी प्रश्न २ प्रमाणे तपासा. फार्मवरच्या बऱ्याच कोंबड्यांची चोच कापलेली असते. चोचीच्या टोकानंच कोंबडी अंगावरचे किडे वेचते, त्यामुळे अशा कोंबडीवर माइट लवकर वाढतात. तिला रेती-राखेचं घमेलं आणि दर आठवड्याची तपासणी कायमची द्या. बाजारातून आणलेली गावरान किंवा कडकनाथही तशीच वेगळी ठेवा. कडकनाथच्या काळ्या कातडीवर माइट सहज दिसत नाही, तिथे पांढऱ्या फडक्यानं पुसून बघा.

२०. दोन कोंबड्या एकाएकी मेल्या. माइटनं मरतात का? आणि दाखवायचं कुठे?

खूप माइट झाल्या तर रक्त आटून अशक्त कोंबडी आणि पिल्लं मरतात, पण ते हळूहळू होतं. धडधाकट पक्षी एकदोन दिवसांत पटापट मेले, तोंड सुजलं, तुरा निळा-जांभळा पडला, तर ते किड्यांचं काम नाही. मार्च २०२४ मध्ये नागपुरातल्या कोंबड्यांत बर्ड फ्लू निघाला होता, आणि त्या वर्षाच्या अखेरीस गोरेवाड्याच्या बचाव केंद्रातले तीन वाघ आणि एक बिबट्या त्याच विषाणूनं मेले. मेलेल्या पक्ष्याला उघड्या हातानं शिवू नका, फाडू नका, कुत्र्यांना टाकू नका. पशुसंवर्धन विभागाला कळवा.

एरवी जवळचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना किंवा सेमिनरी हिल्सवरच्या नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना. फिरत्या पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. जाताना पारदर्शक चिकटपट्टीवर किडे चिकटवून न्या, लिखांचा गठ्ठा असलेलं एखादं पीस न्या, आजवर जे जे औषध वापरलं त्याची बाटली किंवा वेष्टण न्या. कोंबडी अंड्यावर आहे आणि अंडी घरात खाल्ली जातात, हे डॉक्टरांना सगळ्यात आधी सांगा. औषध त्यावरच ठरतं.